मैदानालाच घर मानणारे गृहस्थ : रमाकांत आचरेकर

क्रिकेटच्या नोंदवह्यांत रमाकांत विठ्ठल आचरेकर या खेळाडूच्या नावापुढे प्रथम श्रेणीचा एकच सामना आढळतो. १९६३-६४ च्या मोसमात, हैदराबादच्या मोईन-उद-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून ते खेळले. त्यानंतर दुसरा सामना नाही. खेळाडू म्हणून त्यांचे खाते तेथेच बंद झाले. मालवणला १९३२ मध्ये जन्मलेला हा माणूस २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत निवर्तला, तेव्हा मात्र त्याच्या अंत्ययात्रेला भारतीय संघाचे माजी खेळाडू रांगेने उभे होते. या दोन नोंदींच्या मधली जी पाच-साडेपाच दशके आहेत, त्यांचा हा थोडासा हिशेब. हिशेब मांडणारा आयुष्यभर बँकेत काम करून निवृत्त झालेला असल्यामुळे भाषा कोठे रोजमेळाची वाटली तर वाचकांनी गोड मानून घ्यावी.

आरंभीच सांगितले पाहिजे की आचरेकर सरांशी माझी ओळख नव्हती. पुढे जे लिहिले आहे ते त्यांच्या शिष्यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितलेले आणि नोंदलेले आहे. माझे म्हणून जे आहे ते केवळ त्यावरचे मत.

ते बँकेत नोकरीला होते, ही गोष्ट त्यांच्यावरील लेखांत बहुधा एका वाक्यात उरकली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते. त्या काळी बँका, रेल्वे, गिरण्या आणि मोठे उद्योगसमूह खेळाडूंना नोकऱ्या देत आणि टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांतून आपले संघ उतरवीत. भारताचे कर्णधार झालेले अजित वाडेकर हेही स्टेट बँकेचेच. खेळात तेव्हा पैसा नव्हता. घर चालायचे ते पगारावर. बँकेचे ग्राहकांसाठीचे व्यवहार दुपारी दोनला थांबत. त्यानंतर रोकड मोजणे, लेजर जुळविणे, एखाद्या रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत उठायचे नाही, हा नित्यक्रम. पाच वाजले की कारकून घराकडे वळे. आचरेकर सर मैदानाकडे वळत. सकाळी कचेरीपूर्वी मैदान, संध्याकाळी कचेरीनंतर पुन्हा मैदान. एका मध्यमवर्गीय पगाराच्या भांडवलावर त्यांनी जे उभे केले, ते एखाद्या धनवंत संस्थेलाही सहज जमले नसते.

शिवाजी पार्क ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. दादरच्या पश्चिमेस समुद्राजवळ हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुले झाले आणि १९२७ मध्ये त्यास शिवछत्रपतींचे नाव मिळाले. सभोवार बसका दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर वृद्ध बसतात, प्रेमिक बसतात, राजकारणाच्या गप्पा चालतात. आणि आत एकाच वेळी अनेक संघ आपापली खेळपट्टी राखून खेळत असतात. एकाचा लाँगऑन तो दुसऱ्याचा स्लिप. छप्पर नाही, प्रेक्षागार नाही, उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. पावसाळ्यातही खेळ थांबत नाही, हे मुंबईचे वैशिष्ट्य. १९४८ पासून चाललेली कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यातच खेळतात. उघडी ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, चेंडू कधी थांबेल आणि कधी उसळेल याचा भरवसा नाही. मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र या चिखलात घडले असे जाणकार सांगतात. अशा या उघड्या आकाशाखाली आचरेकर सरांचा कामत मेमोरियल क्लब. क्लब म्हणताच डोळ्यांपुढे जी इमारत येते तिचा येथे संबंध नाही. जाळी, स्टंप, चेंडू, पोरे आणि सर.

सचिन तेंडुलकर याने आपल्या आत्मचरित्रात या शिबिराच्या फीचा आकडा दिला आहे. प्रवेश फी ६५ रुपये, त्यानंतर मासिक १० रुपये. आणि पहिल्या काही महिन्यांनंतर आपण ती मासिक फी दिल्याचेही आठवत नाही, असे तो म्हणतो. मी हा मजकूर वाचला तेव्हा सवयीने मनात जमा-नावे मांडू लागलो. महिना १० रुपयांत चेंडूंचाही खर्च निघणार नाही. जाळ्या, चटया, यष्ट्या, एखाद्या मुलाचे बसभाडे, एखाद्याचा नाश्ता, हे सारे कोणत्या खात्यातून गेले असेल, हे सांगण्यास बँकेचा अनुभव लागत नाही.

१९८४ मध्ये अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा थोरला भाऊ अजित घेऊन आला. सरांसमोर मुलगा बावरला. त्याला नीट खेळता येईना. सरांचे मत फारसे अनुकूल झाले नव्हते. तेव्हा अजितने विनंती केली की आपण निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सर बाजूला झाले, मुलगा मोकळेपणाने खेळला आणि प्रवेश मिळाला. या प्रसंगात सर्वजण अजितच्या चातुर्याचे कौतुक करतात. मला सरांचेही करावेसे वाटते. एका अनोळखी तरुणाच्या सांगण्यावरून आपले पहिले मत बाजूस ठेवून झाडाआड जाऊन उभे राहणारे किती गुरू असतात? कर्जाचा अर्ज एकदा मनातून नामंजूर केल्यावर तो पुन्हा उघडून वाचणारे अधिकारी मी फार थोडे पाहिले.

मग रगडपट्टी सुरू झाली. शाळा बदलावी, दादरच्या शारदाश्रमात घालावे, असा सल्ला सरांनी दिला, कारण शाळेच्या संघाकडून खेळल्याशिवाय मुलगा घडत नाही. उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सराव सामने. पॅड आणि ग्लोव्ह्ज घालून पार्काच्या दोन फेऱ्या. कपड्यांचा एकच जोड, सकाळच्या खेळानंतर धुऊन दुपारी पुन्हा तोच अंगावर. खिसे ओलेच राहात. आणि दिवसाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांचा तो प्रसिद्ध खेळ. मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, मैदानावरच्या साऱ्या मुलांनी क्षेत्ररक्षण करायचे. फलंदाजाला बाद करील त्याचे नाणे, बाद झाला नाही तर फलंदाजाचे. कितीही पोरे सभोवार असोत, झेल कोणीही, कोठेही घेतला तरी बाद. सचिनने अशी तेरा नाणी जिंकली आणि जपून ठेवली.

आपल्या व्यापारी घरांत पैशाचे मोल लहानपणापासून शिकवितात, त्यामुळे या नाण्याकडे आपण अधिक डोळसपणे पाहू शकू. दिवसभर खेळून पाय गळाले असता, अंधार पडत असता, एक रुपया राखण्यासाठी पंधरा मिनिटे एकही चूक न करणे, हा थकलेल्या मनावरचा ताबा आहे. दुकानात दिवसभराची गर्दी ओसरल्यावर गल्ला मोजताना जो ताबा लागतो, तोच. सरांनी हे व्याख्यान देऊन शिकविले नाही. त्यांनी खिशातून एक नाणे काढले.

सरांच्या स्कूटरविषयीही शिष्यांनी भरभरून सांगितले आहे. एका मैदानावर मुलगा बाद झाला की त्याला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत, तेथे दुसऱ्या संघाकडून चौथ्या क्रमांकावर उभा करीत. मुलगा सोसायटीतल्या मित्रांबरोबर खेळत राहिला आणि सरावाला आला नाही, तर सर स्वतः घरी येऊन त्याला उचलून नेत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावरून निरोप घेताना सचिनने हीच स्कूटर आठवली, आणि असेही सांगितले की एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधी ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही. आता पुढे सामनेच उरले नाहीत, तेव्हा म्हणायला हरकत नसावी. सर त्या दिवशी तेथे उपस्थित होते.

स्तुती न करणाऱ्या या गुरूची प्रसन्नता ओळखण्याची एक खूण मात्र मुलांना ठाऊक होती. सर खिशातून पैसे काढून ‘जा, वडापाव खा’ म्हणाले की समजावे, आज काहीतरी बरे झाले. (बटाटा आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरात येत नाही, तेव्हा या पारितोषिकाची गोडी आपण कल्पनेनेच घ्यावी.)

एक प्रसंग असाही आहे की जो सांगताना मी थोडा अडखळतो. शारदाश्रमच्या इंग्रजी आणि मराठी माध्यमांच्या संघांत हॅरिस शील्डचा अंतिम सामना वानखेडेवर होता. सरांनी लावून दिलेला आपला सराव सामना टाळून सचिन तो पाहावयास गेला आणि सरांना म्हणाला की आपल्या शाळेसाठी टाळ्या वाजवायला आलो. त्यावर सरांनी थप्पड लगावली. हातातला डबा दूर उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असे खेळ, या आशयाचे ते बोलले. सचिन हे कृतज्ञतेने सांगतो. तरीही मारण्याचे समर्थन मी करणार नाही. आज एखाद्या प्रशिक्षकाने माझ्या नातवावर हात उगारला तर मी त्याला तेथल्या तेथे जाब विचारीन. त्या पिढीतील वडीलधाऱ्यांचा हात चालत असे, आपल्या पेढ्यांवरही चालत असे. शिस्त लागली ती हातामुळे की रोज सकाळी हजर राहणाऱ्या माणसामुळे, याचा विचार आपण करावा. माझ्या मते दुसऱ्यामुळे.

आता घराकडे वळतो. जो माणूस सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या मुलांमागे असतो, त्याच्या स्वतःच्या घराचे काय, हा प्रश्न संसारी वाचकाला पडणारच. आचरेकर सरांनी यावर मोठा सोपा तोडगा काढला असे दिसते : घर आणि मैदान यांच्यामधली भिंतच त्यांनी ठेवली नाही. शिष्यांना घरी बोलावणे येई आणि सरांच्या पत्नी पोरांना पोटभर जेवू घालीत, अशी आठवण सचिनने सांगितली आहे. त्या माउलीने किती ताटे वाढली असतील, याची कोठे नोंद नाही. सरांची कन्या कल्पना मुरकर याही पुढे शिवाजी पार्कवर मुलांना शिकवू लागल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरांना पक्षाघाताचा झटका आला, वाणी आणि हालचाल मंदावली. तेव्हा ज्यांनी त्यांना सांभाळले ती हीच घरची माणसे, आणि गुरुपौर्णिमेला पाया पडावयास येणारी ती पूर्वीची पोरे. सर घरच्यांना अंतरले असते तर त्या शेवटच्या वीस वर्षांत त्यांचे मैदानही त्यांना अंतरले असते.

सरांच्या शिष्यांची यादी मोठी आहे : तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार. या यादीतील बहुतेक सारे भारताकडून कसोटी खेळले. परंतु मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो या यादीत बसत नाही.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर गेले आणि चौदा वर्षांचा सचिन व सोळा वर्षांचा विनोद एकत्र आले. पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. ६६४ धावांची अभेद्य भागीदारी, सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, धावफलक २ बाद ७४८. सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, असा त्यांचा निरोप घेऊन साहाय्यक प्रशिक्षक सीमारेषेवरून ओरडत होते, हातवारे करीत होते. आणि दोघेही पोरे त्यांच्याकडे पाहायचेच टाळत होती. अखेर उपाहाराच्या वेळी सचिनने सरांना दूरध्वनी केला. सरांनी तात्काळ डाव सोडण्यास सांगितले. विनोदने फोन घेऊन विनविले की साडेतीनशेला एकच धाव हवी आहे. उत्तर बदलले नाही. नंतर त्याच विनोदने ३७ धावांत सहा बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव १४५ वर संपला. सरांनी विक्रम पाहिला नाही, सामना पाहिला. गोलंदाजीला वेळ पुरला पाहिजे हे पाहिले.

या दोन दिवसांत तंबूत तिसरा एक मुलगा पॅड बांधून बसला होता. पुढची फलंदाजी त्याची. वय तेरा. नाव अमोल मुझुमदार. गडी बाद होईना आणि त्याची पाळी येईना. दोन दिवस तो पॅड बांधून बसला आणि डाव घोषित झाल्यावर ते सोडून क्षेत्ररक्षणास गेला. पुढचे आयुष्यही बरेचसे तसेच गेले. १९९४ मध्ये मुंबईकडून पदार्पणातच फरिदाबादला हरियाणाविरुद्ध त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ३० शतके आणि ११,१६७ धावा जमा झाल्या. पण ज्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते, त्या काळात भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडलेच नाही. एकही कसोटी नाही, एकही एकदिवसीय सामना नाही.

सुज्ञ वाचकहो, आपल्या घरांतून मुलाच्या खेळाविषयी जी चर्चा होते ती मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. आठवीपर्यंत खेळू द्यायचे. नववी आली की किट माळ्यावर. पुढे वाणिज्य शाखा, सी.ए.ची परीक्षा, नाहीतर थेट दुकान. ‘खेळून काय सचिन होणार आहे का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो, आणि तो विचारणारा आपण फार व्यवहारी प्रश्न विचारला असे मानतो. मला तो व्यवहाराच्या दृष्टीनेच कच्चा वाटतो. दुकानात बसणारा प्रत्येक मुलगा मोठा उद्योगपती होणार नसतो. म्हणून आपण त्याला गल्ल्यावर बसवायचे थांबवितो काय? अमोलसारखा मुलगा दोन दिवस पॅड बांधून बसतो आणि तरी दुसऱ्या दिवशी सरावाला जातो. मंदीच्या वर्षी दुकान रोज वेळेवर उघडण्यास आणखी कोणते शिक्षण लागते?

अडचणी खऱ्या आहेत, त्या मी नाकारीत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण करणाऱ्या घरांत संध्याकाळचा सराव मोठी कुचंबणा करतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जाळीतला सराव तेव्हा कोठे रंगात येतो. माझ्या परिचयाच्या एका घरातील आजी पाचलाच डबा घेऊन मैदानाच्या कडेला येतात. मुलगा हात धुऊन, दहा मिनिटांत जेवून पुन्हा आत पळतो. प्रशिक्षकांनीही त्याची दहा मिनिटे धरून ठेवली आहेत. विचारले तर सवड निघते, असा त्यांचा अनुभव. सकाळचा सराव हा दुसरा मार्ग, आणि आपल्या घरांत पहाटे उठण्याची सवय असतेच.

एक गोष्ट विश्वस्त मंडळींच्या कानावर घालावीशी वाटते. आपल्या समाजाने बोर्डिंगे उभारली, शिष्यवृत्त्या दिल्या, दवाखाने चालविले. खेळाच्या शिक्षकास वर्षभराचे मानधन द्यावे, असा ठराव मात्र माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही सभेत आला नाही. मैदान भाड्याने घ्यावयास देणगीदार मिळतात, कारण तेथे पाटी लावता येते. माणसाच्या वेळेवर पाटी लावता येत नाही.

सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. ३ जानेवारी २०१९ रोजी त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा सचिनने खांदा दिला आणि लहान-मोठ्या शिष्यांनी दोहोंकडून बॅटी उंचावून कमान धरली. शासकीय इतमाम मिळाला नाही म्हणून नंतर वर्तमानपत्रांतून बरेच लिहिले गेले. त्या वादात मला रस वाटला नाही. बॅटींची कमान पुरेशी होती. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना ते वाटेवरच दिसते.

अमोल मुझुमदार खेळणे थांबवून प्रशिक्षक झाला. २०२३ च्या अखेरीस भारतीय महिला संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. ज्याला भारताकडून एकदाही खेळायला मिळाले नाही, तो त्या रात्री भारताचा प्रशिक्षक म्हणून मैदानावर उभा होता. कर्णधार हरमनप्रीत कौर त्याच्याकडे आली आणि वाकून त्याच्या पाया पडली.